भिंतीवरच्या मोझॅकला फरशीचा दर कसा लावता?

प्रति,
माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

शहराच्या सुशोभीकरणाविषयी आपल्या वृत्तपत्रात वरचेवर बातम्या आणि पत्रे येतात. चौकात काय उभारले, उड्डाणपुलाच्या खांबांवर कोणती चित्रे काढली, त्यावर किती पैसा गेला आणि तो सत्कारणी लागला की नाही, या सगळ्याची चर्चा होते. मात्र अशी कामे कलाकाराकडून करवून कशी घेतली जातात, म्हणजे दर कसा ठरतो, कागदोपत्री काय लिहिले जाते आणि काम उभे राहिल्यानंतर त्याची काळजी कोणी घ्यायची, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मी पुण्यात मोझॅकचा, म्हणजे काचेचे किंवा दगडाचे छोटे तुकडे जुळवून केलेल्या चित्रांचा, छोटा स्टुडिओ चालवते. घरांच्या नावाच्या पाट्या, तुळशी वृंदावने, देवघरामागची भिंत, दवाखान्याच्या किंवा शाळेच्या दर्शनी भागातील मोठी चित्रे अशी कामे आम्ही मागणीनुसार करून देतो. त्या अनुभवावरून एकच मुद्दा मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे: मागणीनुसार घडवलेले मोझॅक ही कलाकृती आहे, आणि घरमालकापासून महानगरपालिकेपर्यंत सर्वांनी तिचा व्यवहार फरशीकामाच्या हिशेबाने करणे थांबवले पाहिजे.

ग्राहकाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा "स्क्वेअर फुटाला किती?" हाच असतो. त्यात त्याचा दोष नाही. रंगकामापासून ग्रॅनाइटच्या ओट्यापर्यंत बांधकामातली बरीचशी कामे त्याने याच मापाने करवून घेतलेली असतात. अडचण अशी, की मोझॅकमध्ये हे माप जवळजवळ काहीच सांगत नाही. बाजारात मिळणारा काचेचा तयार चौकोन साधारण २० मिलिमीटरचा असतो. तो न कापता, नेहमीची फट सोडून बसवला तर एका चौरस फुटात सुमारे १९० तुकडे मावतात. त्याच चौकोनाचे चार भाग करून १० मिलिमीटरचे तुकडे घेतले, तर तेवढ्याच जागेत सुमारे ७७० तुकडे लागतात. आणि चेहऱ्यासाठी, पापणीच्या कडेसाठी किंवा देवनागरी अक्षराच्या वळणासाठी ५ मिलिमीटरपर्यंत खाली उतरावे लागले, तर हा आकडा अडीच हजारांच्या पुढे जातो. यातला प्रत्येक तुकडा हाताने कापायचा, त्याची धार घासायची, तो जागेवर ठेवून पाहायचा, शेजारच्याशी जुळत नसेल तर बाजूला काढून दुसरा कापायचा, असे हे काम आहे. एकाच चित्रात आकाश मोठ्या तुकड्यांचे आणि चेहरा अगदी बारीक तुकड्यांचा असतो. अशा कामाला सरसकट दर लावला, की त्याची झळ केवळ कलाकाराला बसते असे नाही: दर परवडावा म्हणून तुकडे मोठे होत जातात, आणि शेवटी ग्राहकाच्या भिंतीवर जो मोर येतो त्याचा डोळा चौकोनी असतो.

म्हणूनच आम्ही आधी जागा पाहतो. भिंतीवर ऊन किती वेळ आणि कोणत्या दिशेने येते, पावसाचा मारा कितपत आहे, चित्र दहा फुटांवरून पाहिले जाणार की जिन्यातून उतरताना हातभर अंतरावरून, हे ठरल्याशिवाय तुकड्यांचा आकार ठरवता येत नाही. त्यानंतर लहान रंगीत आराखडा, मग मूळ आकाराचे रेखाटन, आणि त्यातल्या सर्वांत अवघड भागाचा सहा इंची नमुना, असा क्रम असतो. नमुना करण्यामागचे कारण ग्राहकांना फारसे ठाऊक नसते. फटीत भरायच्या ग्राउटचा रंग संपूर्ण चित्र पालटून टाकू शकतो: काळ्या ग्राउटने रंग गडद आणि खोल वाटतात, पांढऱ्या ग्राउटने ते फिके पडून विखुरल्यासारखे दिसतात, आणि हे संगणकाच्या पडद्यावर कितीही दाखवले तरी पटत नाही. या टप्प्यापर्यंतच्या कामाचे स्वतंत्र मानधन असावे, असा माझा आग्रह आहे. पुष्कळदा हे सारे फुकट करून घेतले जाते आणि आराखडा दुसऱ्याच कोणाकडे स्वस्तात करायला दिला जातो.

प्रत्यक्ष काम दोन रीतींनी होते. लहान कामात तुकडे थेट सिमेंट बोर्डावर किंवा फायबरच्या जाळीवर चिकटवतात. मोठ्या भिंतीसाठी, विशेषतः जिथे पृष्ठभाग सपाट हवा असतो तिथे, उलटी पद्धत वापरतात. खाकी कागदावर चित्राचे उलटे रेखाटन काढायचे, म्हणजे डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे, आणि त्यावर प्रत्येक तुकडा पालथा, दर्शनी बाजू कागदाकडे करून चिकटवायचा. चिकटवण्यासाठी आम्ही अजूनही मैद्याची खळ शिजवतो; तिला बुरशी येऊ नये म्हणून पुस्तकबांधणीवाले घालतात तसे चिमूटभर मोरचूद घालतो. खळ पातळ झाली तर कागद सुरकुततो आणि रांगा सरकतात, घट्ट झाली तर पुढे तो सुटत नाही. पूर्ण झालेल्या कागदाचे क्रमांक घालून भाग करायचे, भिंतीवर ॲडहेसिव्हचा थर ओढायचा, भाग एकेक करून त्यावर दाबायचे आणि लाकडी फळीने हलके ठोकून सपाट करायचे. मग स्पंजने कागद ओला करत राहायचे. खळ विरघळली की एका कोपऱ्याला धरून कागद भिंतीला समांतर, सावकाश ओढायचा, आणि तेव्हा कुठे चित्राची सुलटी बाजू प्रथमच दिसते. ॲडहेसिव्ह पुरते घट्ट होण्याआधी चुकार तुकडे सरळ करण्यासाठी जो थोडा अवधी मिळतो, त्यात तिथे उभ्या असलेल्या कंत्राटदाराच्या माणसाने "झालं का, मागे प्लास्टरवाले थांबलेत" असे विचारू नये, एवढीच माफक अपेक्षा असते.

नावाच्या पाटीचे काम लोकांना सोपे वाटते, पण कलाकाराचा कस तिथेच लागतो. शिरोरेषा सरळ असल्यामुळे तिच्यात एक तुकडा अर्ध्या मिलिमीटरने जरी खाली बसला तरी नजरेला खटकतो. 'ळ' किंवा 'श' या अक्षरांची वळणे साध्य करायची तर तुकडे पाचरीच्या आकाराचे, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळते कापावे लागतात. आणि अक्षराभोवतीची पार्श्वभूमीसुद्धा त्या वळणाला अनुसरून रांगेने फिरवावी लागते, नाहीतर अक्षर त्यात घुसडल्यासारखे दिसते. जोडाक्षर आले की उंचीचा प्रश्न येतो. छापील पाटीपेक्षा ही पाटी कितीतरी महाग का, याचे उत्तर एवढ्या कामात आहे.

सामानाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण निविदांमध्ये सर्वाधिक गोंधळ तिथेच असतो. काचेचे तुकडे पारदर्शक असतील तर त्यामागे करडे ॲडहेसिव्ह चालत नाही. सगळा रंग मळकट होतो, म्हणून पांढरेच वापरावे लागते. एकाच रंगाच्या दोन लॉटमध्ये छटेचा फरक असतो, त्यामुळे मोजून माल मागवणे धोक्याचे असते आणि दहा-पंधरा टक्के जास्तीचा माल त्याच लॉटमधला घेऊन ठेवावा लागतो. उघड्या भिंतीच्या आतून ओल येत असेल तर काही पावसाळ्यांतच फटींमधून लोणा फुटतो आणि चित्रावर पांढरी साय धरल्यासारखी दिसते. तेव्हा भिंतीचे जलरोधन आधी, मोझॅक नंतर, हा क्रम बदलता येत नाही. वजनाचेही तसेच. चार बाय सहा फुटांचे काचेचे चित्र सिमेंट बोर्डावर केले तर ते साधारण ७० किलोचे भरते, आणि आजकालच्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीवर ते कसे पेलायचे हे वास्तुविशारदाने अगोदर ठरवायला हवे. आमच्याकडे चित्र तयार झाल्यावर "आता हे टांगायचं कुठं?" असा विचार सुरू होतो.

काच महाग पडते म्हणून मोझॅक परवडत नाही, ही समजूत मात्र खरी नाही. मकराण्याचा पांढरा, जैसलमेरचा पिवळा, कडप्पा, कोटा, शहाबादी आणि आपला काळा बेसॉल्ट यांचे तुकडे दगडाच्या गोदामांबाहेर ढिगाने पडलेले असतात, आणि त्यांतून होणारी रंगसंगती संयत आणि टिकाऊ असते. मेक्सिको शहरातील राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची बाह्य भिंत हे याचे जगभर नावाजलेले उदाहरण आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हुआन ओ'गोर्मन या वास्तुविशारद-चित्रकाराने तिथे सुमारे ४,००० चौरस मीटरवर मोझॅक केले. त्यासाठी देशाच्या निरनिराळ्या भागांतून नैसर्गिक रंगांचे दगड गोळा केले, ते साच्यांमध्ये मांडून त्यांवर काँक्रीट ओतले आणि तयार झालेली पटले इमारतीवर चढवली. या विद्यापीठाच्या परिसराला २००७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. आपल्या जवळचे उदाहरण अहमदाबादेत आहे. पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या सुमारास 'संगथ' हा आपला स्टुडिओ बांधला, तेव्हा त्याच्या कमानदार छपरांवर चिनी मातीचे फुटके पांढरे तुकडे बसवले. उन्हाची तिरीप परतवणारा आणि पाणी न मुरू देणारा तोच चायना मोझॅक, जो आपल्याकडे जुन्या इमारतींच्या गच्चीवर ब्रिकबॅट कोब्यावर, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या थरावर, घातलेला असे. म्हणजे सामान आपल्याकडे होते आणि ते बसवणारे हातही होते. त्याच्याकडे चित्राचे माध्यम म्हणून पाहिले गेले नाही, इतकेच.

त्या हातांचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे लिहायला हवी. दगड कोरडा कापला की सिलिकाची धूळ उडते, आणि ती वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. पाण्याची धार सोडून कापणे, योग्य मुखपट्टी आणि डोळ्यांना चष्मा यांचा खर्च दरात धरावाच लागतो. न्यूनतम दराच्या निविदेत सर्वांत आधी हाच खर्च वगळला जातो, हे मी अनेक साइटवर पाहिले आहे.

आता सार्वजनिक कामांविषयी. पुणे, मुंबई, नागपूर येथे मेट्रोची स्थानके झाली आणि होत आहेत, महापालिकांची नाट्यगृहे, उद्याने, रुग्णालये उभी राहत आहेत, आणि त्यांतल्या काहींमध्ये भिंतीवर चित्र असावे असा विचारही होतो, ही चांगली गोष्ट आहे. पण ते चित्र बहुधा इमारतीच्या बांधकाम निविदेतच, फरशी, रंगकाम आणि प्लंबिंगच्या रांगेत एक बाब म्हणून येते. मुख्य कंत्राटदार ती बाब उपकंत्राटदाराकडे देतो, तो आणखी एखाद्याकडे, आणि सर्वांत शेवटी कलाकाराला फोन येतो तेव्हा मूळ रकमेतला मोठा हिस्सा वाटेत उतरलेला असतो. अशा एका कामात माझ्याकडून आराखडा घेतल्यानंतर "आपलं मटेरियल तसंच दिसतं" असे सांगून संगणकाने ठिपक्यांमध्ये रूपांतरित केलेले तयार पटल मागवले गेले आणि खाली माझ्या आराखड्याचा उल्लेखही नव्हता. त्या संस्थेचे नाव लिहिण्यात मला स्वारस्य नाही, कारण हा कोण्या एका संस्थेचा प्रश्न नाही.

त्या संगणकी पटलांबद्दलही माझी तक्रार नाही. जलतरण तलावाच्या तळाशी किंवा मोठ्या नक्षीच्या पट्ट्यात ती शोभतात आणि वेळेत मिळतात. मात्र त्यांत सगळे चौकोन जाळीसारखे आडवे-उभे असतात. हाताने केलेल्या मोझॅकमध्ये तुकड्यांच्या रांगा आकाराच्या बाजूने वाहतात: गालाभोवती वळतात, नदीबरोबर वाकतात, पक्ष्याच्या पंखाच्या दिशेने जातात, आणि चित्राला जिवंतपणा रंगापेक्षा या वाहण्यातूनच येतो. इटलीत राव्हेन्ना येथील सहाव्या शतकातील सान व्हिताले चर्चच्या भिंती पाहिल्या तर हे लगेच कळते. काचेचे तुकडे किंचित वेगवेगळ्या कोनांत बसलेले असल्यामुळे माणूस चालू लागला की भिंतीवरचा उजेडही हलतो. निविदेत 'मोझॅक' एवढाच शब्द लिहिला तर ही दोन्ही कामे त्यात बसतात, आणि मग स्वस्त असेल तेच निवडले जाणार हे उघड आहे.

गंमत अशी, की सरकारी कागदपत्रांतच हा भेद मान्य झालेला आहे. २०२२ मध्ये लागू झालेल्या सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ९७०१ या शीर्षाखाली, म्हणजे चित्रे, रेखाटने आणि कोलाज यांच्या पंक्तीत, मोझॅकचा स्पष्ट उल्लेख आहे. मोझॅकसाठी लागणारे काचेचे तुकडे मात्र ७०१६ या वेगळ्या शीर्षाखाली, काचेच्या बांधकाम साहित्याबरोबर आहेत. सीमाशुल्क अधिकाऱ्याला जो फरक कळतो तो सार्वजनिक बांधकामाच्या दरसूचीला कळू नये, याचे आश्चर्य वाटते. माझी सूचना अशी, की सार्वजनिक इमारतीतील मोझॅक, भित्तिशिल्प किंवा भित्तिचित्र यासाठी बांधकामापासून वेगळी निवड प्रक्रिया असावी. रक्कम आधी जाहीर करावी, आराखडे मागवावेत, निवडक कलाकारांना नमुना करण्याचे मानधन द्यावे आणि दरावर स्पर्धा न लावता त्या ठरलेल्या रकमेत सर्वोत्तम काय मिळते ते पाहावे. फ्रान्समध्ये १९५१ पासून शाळांच्या बांधकाम खर्चातला एक टक्का कलाकृतींसाठी राखून ठेवण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढे ती इतर सार्वजनिक इमारतींनाही लागू झाली. आपल्याकडे एक टक्का लगेच कोणी देईल असे मला वाटत नाही, पण निवडीची पद्धत बदलायला पैसे लागत नाहीत.

कराराचा मुद्दा घरगुती आणि सार्वजनिक दोन्ही कामांना लागू आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम कलाकाराला दोन गोष्टी देते: आपल्या कृतीचे श्रेय सांगण्याचा हक्क, आणि तिच्यात अशी मोडतोड किंवा बदल झाला की ज्याने कलाकाराच्या प्रतिष्ठेला बाधा येते, तर त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क. कृती विकली, कॉपीराइट दुसऱ्याला दिला, तरी हे हक्क कलाकाराकडेच राहतात. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी सरकारच्या मागणीनुसार ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प केले होते. १९७९ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी ते उतरवून गोदामात टाकण्यात आले आणि त्याची नासधूस झाली. सेहगल न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पाचे अवशेष त्यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. निकाल कलाकाराच्या बाजूने लागला खरा, पण शिल्प उतरल्यापासून निकालापर्यंत पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता. इतका काळ झगडण्याची ताकद लहान स्टुडिओकडे नसते. म्हणून या गोष्टी आधीच लेखी असाव्यात. चित्राच्या कोपऱ्यात किंवा शेजारच्या पट्टीवर कलाकाराचे नाव, चित्र हलवायचे झाल्यास कलाकाराला पूर्वसूचना, आराखड्याचा अन्यत्र वापर करायचा असल्यास त्याची वेगळी परवानगी आणि मोबदला, आणि दुरुस्ती कोणाकडून करायची, इतके तरी लिहिलेले असले पाहिजे. एका पानात मावेल एवढा हा मजकूर आहे.

ग्राहकांनीही स्टुडिओकडून काही गोष्टी मागून घ्याव्यात, कारण हा व्यवहार एकतर्फी नाही. वापरलेल्या प्रत्येक रंगाच्या जादा तुकड्यांची लेबल लावलेली डबी, ग्राउट आणि ॲडहेसिव्ह कोणते होते याची नोंद, आणि मूळ आकाराच्या रेखाटनाचे छायाचित्र हे काम सोपवताना मिळालेच पाहिजे. दहा वर्षांनी नळाची वाहिनी फुटली आणि प्लंबरने चित्राचा हातभर भाग फोडला, तर या तीन गोष्टींच्या आधारे कोणताही जाणता मोझॅककार तो भाग पुन्हा भरू शकतो. त्या नसतील तर मूळ कलाकारालाही ते जमत नाही, कारण तो लॉट बाजारातून केव्हाच गेलेला असतो. संगमरवराचे तुकडे असतील तर ॲसिडने किंवा स्नानगृह धुण्याच्या द्रावणाने पुसू नये, हेही लिहून घ्यावे. दिवाळीच्या साफसफाईत चित्रे खराब होतात ती यामुळेच.

शिक्षणाबद्दल फार लिहीत नाही. इटलीतल्या स्पिलिंबर्गो या छोट्या गावात १९२२ पासून मोझॅककारांची स्वतंत्र शाळा आहे, तिथे तीन वर्षे केवळ हेच शिकवतात, आणि जगभरच्या इमारतींवर तिथल्या विद्यार्थ्यांचे काम आहे. आपल्या कलामहाविद्यालयांत मोझॅक हा भित्तिचित्रणाच्या अभ्यासाचा एक लहान भाग असतो. दुसरीकडे, ज्यांनी आपल्या घरांतल्या दगडी चुऱ्याच्या फरश्या ओतल्या, पितळी आणि काचेच्या पट्ट्यांनी त्यांत नक्षी केली आणि त्या आरशासारख्या घासून दिल्या, ते कारागीर वयोवृद्ध झाले आहेत आणि त्यांची मुले व्हिट्रिफाइड टाइल्स बसवतात. महाविद्यालयांनी त्यांना कार्यशाळांमध्ये शिकवायला बोलावावे, त्यांना रीतसर मानधन द्यावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

शेवटचा विषय सध्या सर्वांत निकडीचा आहे, आणि तो म्हणजे पुनर्विकास. पुण्या-मुंबईत १९६० आणि ७० च्या दशकांतल्या इमारती एकामागून एक पाडल्या जात आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या जिन्यांत, प्रवेशद्वाराशी किंवा पाण्याच्या टाकीच्या दर्शनी भागावर कोणीतरी केलेली छोटी-मोठी मोझॅक चित्रे आहेत. कोणी केली, हे आज तिथल्या रहिवाशांनाही ठाऊक नाही. ती पाडकामाच्या यादीत 'भिंत' म्हणूनच जातात. लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोड या भुयारी स्थानकात शिल्पकार एदुआर्दो पाओलोत्सी यांनी १९८० च्या दशकात केलेली मोझॅक आहेत. स्थानकाचा विस्तार करताना सरकत्या जिन्यांवरच्या कमानींवरील भाग २०१५ मध्ये काढावा लागला, तेव्हा लोकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. बहुतांश काम जागेवर टिकले, काही भागांची दुरुस्ती झाली, आणि काढलेले तुकडे एडिंबरा विद्यापीठाकडे गेले. तिथे ते जपले गेले याचे कारण ते कोणाचे आहे हे सर्वांना माहीत होते. आपल्याकडे निदान नोंद तरी व्हावी. महानगरपालिकेच्या वारसा विभागाने पुनर्विकासाच्या प्रस्तावासोबत इमारतीतील अशा चित्रांचे छायाचित्र जोडण्याची अट घातली, तर त्यासाठी सोसायटीच्या सचिवाला मोबाइलवर एक फोटो काढावा लागेल, त्यापेक्षा अधिक काही नाही.

आणि एखाद्या सोसायटीला चित्र वाचवायचेच असेल तर ते शक्य असते, हे येथे सांगून ठेवते. पाडकामाचे यंत्र येण्यापूर्वी चित्राचा पृष्ठभाग स्वच्छ करून त्यावर सुती कापडाचे थर पाण्यात विरघळणाऱ्या सरसाने चिकटवतात, सरस पूर्ण वाळू देतात, मग चित्राचे सोयीस्कर भाग आखून, फटींच्या रेषेनेच कापड कापून, मागचे प्लास्टर लांब पात्याने किंवा छिन्नीने हळूहळू सोडवतात. एकेक भाग फळीवर पालथा उतरवून त्याच्या मागचा चुना-सिमेंट घासून काढला, नवीन बोर्डावर तो बसवला आणि कोमट पाण्याने कापड सोडवले, की चित्र नव्या इमारतीच्या प्रवेशद्वाराशी लावता येते. दोन-तीन फुटांच्या चित्राला हे काम लहान स्टुडिओलाही जमण्यासारखे आहे. मात्र त्यासाठी इमारत रिकामी होण्याच्या आधी कळवायला हवे. आमच्याकडे चौकशीचे फोन येतात ते पाडकामाच्या आदल्या दिवशी.

आपली नम्र,
एक मोझॅककार व वाचक,
पुणे